स्वमग्न बालक आणि आपली दृष्टी



वर्गात एखादे मूल असे आढळते की, हजेरीच्या वेळी नाव पुकारले तरी ते वळून पाहत नाही. खेळाच्या तासाला ते मैदानाच्या कडेला एकटेच खडे ओळीने मांडीत बसते आणि शाळेची घंटा वाजताच कानांवर हात ठेवून रडू लागते. अशा मुलास कोणी हट्टी म्हणतो, कोणी खुळे म्हणतो, तर कोणी दृष्ट काढावयास सांगतो. मूल एकच, परंतु नावे अनेक! ही नावे मुलातून येत नाहीत. ती पाहणाऱ्याच्या समजुतीतून येतात.

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीशी निगडित अशी अवस्था असून ती बालपणापासूनच असते. इतरांशी संवाद साधण्यात अडचण येणे, त्याच त्या कृती पुनःपुन्हा करणे, ठरलेल्या क्रमातील बदल सहन न होणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही अवस्था सर्व देशांत आढळते. मात्र तिचा अर्थ प्रत्येक समाज आपापल्या परीने लावतो.

अमेरिकेत पुष्कळ वर्षे आईच्या मायेचा अभाव हेच याचे कारण मानले गेले. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. तरीही तो दोषारोप लवकर मावळला नाही. दक्षिण कोरियातील प्रकार निराळा. तेथे अशा मुलामुळे घराण्यास कमीपणा येईल व भावंडांचे विवाह अडतील या भीतीने कुटुंबे हे नाव टाळीत. सोल शहराजवळील एका भागात ७ ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा २.६४ असल्याचे दिसले. विशेष हे की, त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुले साध्या शाळांतच होती आणि त्यांची स्थिती कोणी ओळखलेली नव्हती.

आपल्याकडे काय घडते? वडीलधाऱ्यांपुढे दृष्टी खाली ठेवणे हा आपण विनय मानतो. त्यामुळे नजरेस नजर न देणारे मूल आपणांस खटकत नाही. अबोल मुलीस आपण गुणी म्हणतो. 'मुलगे उशिराच बोलतात' असे सांगून घरची माणसे आईची समजूत घालतात. तथापि आपल्या रीतीभाती केवळ अडथळाच आहेत असे नाही. भारतीय शहरांतील कुटुंबांविषयी टॅमरा डेली यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मूल इतरांत मिसळत नाही, ही गोष्ट येथील पालकांच्या लक्षात प्रथम येते, असे त्यात आढळले. माणसांत मिसळण्याला आपण देत असलेले महत्त्व येथे उपयोगी पडते.

म्हणून शिक्षकाने प्रथम निरीक्षण करावे, नाव मागाहून द्यावे. मूल हाकेस प्रतिसाद देते काय, आवडलेली वस्तू बोट दाखवून दुसऱ्यास दाखविते काय, कोणत्या आवाजाने घाबरते, याची नोंद काही आठवडे ठेवावी. नंतर पालकांशी एकांतात, दोष न देता बोलावे आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेण्यास सुचवावे. निदान करणे हे वैद्यांचे काम आहे, आपले नव्हे. तोपर्यंत मुलास बसण्याची ठराविक जागा द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा, सूचना थोडक्या शब्दांत द्यावी आणि घंटेपूर्वी त्यास सावध करावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झालेला आहे. परंतु कायद्याचा लाभ मुलापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणी तरी त्यास नीट पाहिलेले असावे लागते. खेड्यात बहुधा ती पहिली दृष्टी शिक्षकाचीच असते. ती दूषित नसावी, एवढी दक्षता आपण अवश्य घ्यावी.