चिनी विवाहविधी आणि ख्रिस्ती विवेक

विवाह हा दोन व्यक्तींचा करार की दोन घराण्यांचा संबंध, या प्रश्नाला प्राचीन चीनने घराण्याच्या बाजूने उत्तर दिले. पूर्वजांची सेवा आणि वंशाचे सातत्य हेच विवाहाचे प्रयोजन होय, असे 'ली ची' हा कन्फ्यूशियन ग्रंथ मानतो. स्थानिक चालीरीतींपैकी काय स्वीकारावे व काय वर्ज्य करावे, याची कसोटी ख्रिस्तसभेला चीनमध्ये दीर्घकाळ द्यावी लागली. म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी या विधींचा अर्थ समजून घेणे उपयुक्त ठरेल.

परंपरेने विवाहाचे सहा विधी सांगितले आहेत : मागणी घालणे, वधूचे नाव व जन्मवेळ विचारणे, शकुन पाहणे, वधूपक्षास भेटी व धन पाठविणे, मुहूर्त कळविणे आणि वराने स्वतः जाऊन वधूस घरी आणणे. विवाहदिनी वधू लाल वस्त्र परिधान करते. पांढरा रंग तेथे शोकाचा मानला जात असे. वधूवर तीनदा नमन करतात : प्रथम आकाश व पृथ्वी यांना, नंतर पूर्वज व आईवडील यांना आणि शेवटी परस्परांना. वडीलधाऱ्यांना चहा अर्पण करून त्यांचा आशीर्वाद घेण्याची रीतही रूढ आहे.

पूर्वजांपुढील नमन ही पूजा की आदर, यावरून मिशनऱ्यांमध्ये तीव्र वाद झाला. परमगुरुस्वामी चौदावे बेनेडिक्ट यांनी 1742 साली अशा विधींवरील बंदी कायम केली. दक्षिण भारतातील विवाहाच्या ताळीसंबंधीचा वादही त्याच काळातला. पुढे 1939 साली रोमने निर्णय दिला, की मृतांच्या प्रतिमेपुढे वा नामफलकापुढे आदराने मान लववणे कॅथलिकांस अनुज्ञेय आहे. विधी तोच राहिला. परंतु त्यामागील भाव नागरी व कौटुंबिक आदराचा आहे, हे मान्य झाले.

आज या परंपरेपुढील आव्हान निराळे आहे. 1950 च्या विवाहकायद्याने सक्तीचे विवाह व बालविवाह रद्द केले आणि विवाहाच्या निमित्ताने धन उकळण्यास मनाई केली. तरीही वधूमूल्याची प्रथा टिकून राहिली, आणि अनेक खेड्यांत तर ती असह्य झाली. 2020 च्या जनगणनेत स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे 3 कोटी 49 लाखांनी अधिक आढळले. वधूमूल्याच्या परताव्याविषयीचे तंटे कसे सोडवावेत, याचे नियम सर्वोच्च जन न्यायालयाने फेब्रुवारी 2024 पासून लागू केले. दुसरीकडे तरुण पिढी विवाहापासूनच दूर जात आहे : 2013 साली सुमारे 1 कोटी 34 लाख विवाहांची नोंद झाली होती, ती 2024 साली सुमारे 61 लाखांवर आली.

या साऱ्यांतून मेंढपाळाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या विधीत ईश्वराचा मान दुसऱ्या कोणास दिला जातो काय? शकुन व जन्मवेळेची जुळवणी विवाहाचा निर्णय करीत असेल, तर ती त्याज्य होय. दुसरा, भेट ही भेटच राहिली आहे की वधूची किंमत झाली आहे? तिसरा, वधूवरांची संमती मुक्त आहे काय? कारण विवाह घडतो तो संमतीनेच. कुळाच्या इच्छेने वा धनाने नव्हे. या तीन कसोट्यांस उतरणारी लाल वस्त्रे, चहाचा पेला व आईवडिलांपुढील नमन ही चौथ्या आज्ञेचीच देशी भाषा होय. ती पुसून टाकणे हे सुवार्तेचे कार्य नव्हे.