पाहुण्याला इजा झाली, तर खर्च कोणाचा?

अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावांत आता स्लॅबची घरं सर्रास दिसतात. पुढे दुकानाचा गाळा, मागे राहतं घर, वर पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या सळया आणि कठडा अजून बसायचा असलेला जिना. घर कर्ज काढून बांधलं असेल, तर बँकेने त्याचा विमाही उतरवायला लावलेला असतो. पण हा विमा भिंतींचा, छताचा, फार तर सामानाचा. लग्नसराईत आलेला पाहुणा त्याच जिन्यावरून पडला आणि मांडीचं हाड मोडून अकोल्याच्या दवाखान्यात दाखल झाला, तर त्या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. पाहुण्याच्या इजेची जबाबदारी घराच्या नेहमीच्या विम्यातच धरलेली असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी देणं बंधनकारक केलं. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, सगळं तिच्यात येतं. जादा हप्ता भरला, तर अशा आपत्तीत घरमालक किंवा त्याचा जोडीदार दगावल्यास प्रत्येकी 5 लाख रुपये मिळण्याची सोयही आहे. पाहुणा, भाडेकरूकडे आलेला माणूस, सिलिंडर पोचवणारा, मांडववाला यांचा मात्र मूळ पॉलिसीत विचार नाही. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या 'हाउसहोल्डर्स' पॉलिसीत त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी घेणारा एक स्वतंत्र विभाग असतो. तो ऐच्छिक असल्याने विचारणाऱ्यालाच मिळतो, आणि विचारणारे थोडे.

दुचाकी रस्त्यावर आणायची, तर त्रयस्थाचा विमा हवाच, असं मोटार वाहन कायदा सांगतो. घराला तशी सक्ती नाही, पण म्हणून घरमालक मोकळा सुटत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महापालिकेला भरपाई द्यायला लावली. रस्त्यालगतच्या इमारतीची निगा राखणं हे मालकाचं काम आहे आणि दोष आतला होता, डोळ्यांना दिसत नव्हता, ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. घरात बोलावलेल्या माणसाबाबतही न्यायालयं मालकाकडून वाजवी काळजीची अपेक्षा धरतात. इंग्लंडने 1957 मध्ये यासाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे तो नाही, सगळी भिस्त जुन्या निकालांवर. त्यामुळे जखमी माणसाला दिवाणी दावा लावून मालकाची चूक शाबीत करावी लागते, आणि त्यात वर्षं जातात.

विदर्भात हा धोका किती जवळचा आहे, हे मे महिन्यातल्या कूलरकडे पाहिलं की कळतं. लोखंडी पत्र्याची बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाच्या वायरचं आवरण गेलं आणि घराला नीट अर्थिंग नसलं, तर पूर्ण बॉडीत करंट उतरतो. पाणी भरण्याआधी प्लग काढा, असं महावितरण उन्हाळ्यात बजावत असतं. घरच्या माणसाला आपल्या कूलरची खोड ठाऊक असते. रात्री पाणी प्यायला उठलेल्या पाहुण्याला ती ठाऊक नसते, म्हणून धोका त्यालाच अधिक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्याकडे सोयरा सोयऱ्यावर दावा लावत नाही. खरं आहे, आणि ते बदलावं असंही मला वाटत नाही. पण दावा लागला नाही म्हणून दवाखान्याचं बिल टळत नाही. ते पाहुणा गुपचूप भरतो, किंवा यजमान उसनवारी करून देतो आणि पुढे दोन्ही घरांत बोलणं खुंटतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरविम्यात यावर उपाय सापडतो. तिथल्या पॉलिसीत कायदेशीर जबाबदारीची रक्कम साधारण 1 लाख डॉलरपासून सुरू होते. शिवाय पाहुण्याच्या औषधोपचारासाठी बहुधा 1 ते 5 हजार डॉलरची वेगळी तरतूद असते. ती मिळायला कोणाची चूक शाबीत करावी लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आपल्याला हवी आहे ती नेमकी ही तरतूद, कारण तिच्यात नात्याला धक्का न लावता बिल भागतं.

सरकारी योजना आहेत की, असंही म्हटलं जातं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांपर्यंतचं संरक्षण देते, पण मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यावरच. महात्मा फुले योजनेतून ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेले उपचार होतात. तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या मजुराची बुडालेली मजुरी मात्र दोन्हींत बसत नाही. विमा असला की लोक बेफिकीर होतात, या आक्षेपात मला फारसा दम वाटत नाही. वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीत लिहिलेलीच असते आणि ती मोडली, तर कंपनी दावा नाकारू शकते.

'भारत गृह रक्षा'त ही तरतूद घालणं नियामकाच्या हातात आहे आणि ती त्याने घालावी. तोवर पॉलिसीचं नूतनीकरण करताना एजंटाला एवढंच विचारा: आमच्या घरात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर यात काय मिळेल? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आणि लग्नाच्या तारखा लागण्याआधी जिन्याला कठडा बसवून घ्या, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.