कळसूबाईच्या तिप्पट उंचीवर जाताना

२५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांतील दोन विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. मलावत पूर्णा तेव्हा अवघी १३ वर्षांची होती. तिच्यासोबत साधनापल्ली आनंद कुमार होता. हिमालय आपल्याही मुलांच्या आवाक्यात आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. मात्र ती मोहीम ५२ दिवस चालली होती आणि त्याआधी दीर्घकाळ सराव झाला होता.

आज नोकरीला लागलेले अनेक तरुण-तरुणी पगारातून पैसे साठवून नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जातात. पैसे आधीच भरलेले असतात, सुट्टी मोजकी असते. त्यामुळे डोके दुखू लागले तरी ‘आता कशाला सांगायचे’ म्हणून गप्प राहण्याकडे कल असतो. या ट्रेकवर सर्वांत जास्त धोका याच गप्प राहण्यात आहे.

उंचीवर शरीरात काय होते?

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. बेस कॅम्पला जाणारे लोक विमानातून उतरतात ते लुक्ला गावच २,८६० मीटरवर आहे आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो.

शरीर यावर उपाय करते. श्वास आणि नाडी वाढते, लघवी जास्त होते, पुढे रक्तातील लाल पेशीही वाढतात. या बदलांना दिवस लागतात. रोज व्यायाम करणाऱ्यालाही त्यात सूट मिळत नाही. उलट दमसास चांगला असलेला माणूस भराभर चढतो आणि लवकर आजारी पडतो, असेही घडते.

थकवा की आजार?

चालण्याचा थकवा विश्रांती, पाणी आणि पोटभर जेवणाने उतरतो. उंचीच्या आजारात डोके दुखते आणि त्याच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा न उतरणारा थकवा असतो. उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांत ही लक्षणे सुरू होतात. उंचीवर डोके दुखू लागले, की दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा.

दोन अवस्था जिवावर बेततात. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, गुलाबी फेस येणे म्हणजे फुप्फुसात पाणी भरत आहे. बोलण्यात गोंधळ आणि चालताना तोल जाणे म्हणजे मेंदूला सूज आली आहे. शंका आल्यास त्या व्यक्तीला पावलापुढे पाऊल जोडून सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली न्या. ऑक्सिजन किंवा औषध हाताशी असले तरी खाली उतरणे टाळू नये.

चढाईचे गणित

३,००० मीटरच्या वर, आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा. म्हणूनच नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि डिंगबोचे (४,४१० मीटर) येथे दोन-दोन रात्री काढतात. दिवसा थोडे वर चढून यावे, झोपायला खाली यावे. हे दिवस वाचवून स्वस्तात नेणारा कार्यक्रम नाकारावा.

सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. भूक नसली तरी डाळ-भात, बटाटा, सूप असे थोडे थोडे खात राहा. लघवी फिकट राहील इतके पाणी प्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण टाळा, कारण त्या श्वास मंदावतात.

कापराची पुडी हुंगल्याने किंवा लसणाच्या सूपाने आजार टळतो, याला वैज्ञानिक आधार नाही. सूप पोटाला बरे, एवढेच. ॲसिटाझोलामाइड या गोळीचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगावे.

निघण्याआधी रक्त तपासा

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलग्रस्तांनी, म्हणजे ‘एसएस’ असलेल्यांनी, एवढ्या उंचीवर जाऊ नये. ‘एएस’ वाहकांना एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते. पण विरळ हवेत त्यांच्याही लाल पेशी वाकड्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र वेदना हे त्याचे लक्षण. वाहकांनी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा, आणि अशी वेदना उठल्यास तत्काळ खाली उतरावे. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते.

सोबत हिमोग्लोबिनही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो भरून यायला काही महिने लागतात, म्हणून तपासणी लवकर करावी.

सोबत्यांची जबाबदारी

पाठीवर आपले ओझे वाहणारे भारवाहकही अनेकदा सखल गावांतून आलेले असतात. त्यांनाही हाच आजार होतो. रोजंदारी बुडेल म्हणून तेही बोलत नाहीत. त्यांची रोज विचारपूस करा. आजारी भारवाहकाला एकट्याने खाली पाठवू नका.

वाटेत फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र ट्रेकच्या हंगामात सुरू असते. शंका असल्यास तिथे दाखवून घ्या.

काठमांडू सोडण्यापूर्वीच गटाने एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपली तब्येत खरी सांगायची. आणि कुणी आजारी पडले तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, त्याचे नाव आधीच पक्के करायचे. म्हणजे आजारी माणसाला ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडाला’ या संकोचाने दुखणे लपवावे लागणार नाही.