शेवटच्या तासाला घाटघर

सत्र संपत आले की भौतिकशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, परीक्षेला महत्त्वाचे काय?" मग आपण फळ्यावर सूत्रांची यादी लिहून देतो. यांत्रिकी, द्रवांचे गुणधर्म, उष्णता, विद्युतचुंबकत्व अशी प्रकरणे विद्यार्थ्याच्या मनात शेवटपर्यंत वेगवेगळीच राहतात.

गेल्या सत्राअखेर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी यादीऐवजी एकच उदाहरण घेतले. ते होते अकोले तालुक्यातील घाटघरचे. तेथील उदंचन जलविद्युत प्रकल्प 2008 साली सुरू झाला. वरचा जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर, तर खालचा ठाणे जिल्ह्यात चोंढे येथे आहे. उंचीतील फरक सुमारे 400 मीटर. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज मिळवतात. मागणी उतरली की तीच यंत्रे उलट फिरवून पाणी वर चढवतात.

आता हिशेब करू. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलोग्रॅम. त्याची स्थितिज ऊर्जा 1000 × 9.8 × 400, म्हणजे 39,20,000 ज्यूल. विजेचे एक युनिट 36,00,000 ज्यूलचे. म्हणजे घनमीटरभर पाण्यातून मिळते जेमतेम एक युनिट! 250 मेगावॉटसाठी, घर्षण शून्य मानले तरी, सेकंदाला सुमारे 64 घनमीटर पाणी हवे. एवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब वातावरणाच्या सुमारे 39 पट होतो. टर्बाइन फिरते आणि फॅरेडेने 1831 साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वीज निर्माण होते. चारपैकी तीन प्रकरणांची उजळणी येथेच झाली.

चौथे एका विद्यार्थिनीच्या प्रश्नातून आले. "पाणी चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते. मग हा तोट्याचाच धंदा नाही का?"

अशा प्रकल्पांत साधारणपणे चार युनिट खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात. उरलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षण आणि तारांचा रोध यांमुळे तिची उष्णता होते. उष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की जमाखर्च जुळलाच पाहिजे. दुसरा सांगतो की विखुरलेली उष्णता पुन्हा संपूर्णपणे कामाला जुंपता येत नाही. या तोट्याच्या बदल्यात आपण वेळ विकत घेतो. सौरवीज दुपारी भरपूर असते, दिवे मात्र संध्याकाळी लागतात. म्हणून हा सौदा आज अधिकच मोलाचा आहे.

घाटघर लांब असेल, तर गावातली विहीर घ्यावी. पाणी 20 मीटर वर चढवायचे असेल, तर एका युनिटात आदर्श स्थितीत सुमारे 18 घनमीटर पाणी चढावे. विद्यार्थ्यांना मीटर आणि टाकी मोजायला सांगा. पाणी कमीच भरेल. ऊर्जेचा उरलेला भाग कोठे गेला, हे ज्याला शोधावेसे वाटले, त्याचा अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने पूर्ण झाला.