टर्मिनल दोनच्या दारात

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. आमची क्रूझर उंच रस्त्यावरून वळसा घेत मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनच्या चौथ्या मजल्यावर थांबते आणि तिच्यातून नाशिककडच्या विंचूरची दहा-बारा माणसं उतरतात. विमानात बसणारी एकच, माझी पुतणी. म्युनिकला शिकायला चाललीय. बाकी सगळे पोचवायला.

"गाडी पुढे घ्या, पुढे!" शिट्टी वाजते. ट्रॉली येईपर्यंत बॅगा खाली.

दादा, म्हणजे तिचे आजोबा, काचेतून आत बघतायत. पांढरेशुभ्र खांब वर जाता जाता मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलून छताला मिळालेत. हे टर्मिनल 2014 मध्ये सुरू झालं. विमानतळाला शिवछत्रपतींचं नाव 1999 मध्ये मिळालं, 'महाराज' 2018 मध्ये जोडलं गेलं. दादांच्या तोंडी मात्र अजून जुनं 'सहार'च. आत राजीव सेठींनी मांडलेली हजारो कलावस्तूंची लांबच लांब भिंत आहे. ती बघायला आमच्यातली एकटीच जाणार.

"एवढी विमानं, अन् उतरायला जागा केवढी?" दादा विचारतात.

धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. एकीवर विमान असलं की दुसरी मोकळी ठेवावी लागते. आपल्या विंचूरच्या तीन पाटी नाक्यावर येवल्याच्या गाड्या जाईस्तोवर लासलगावचा ट्रॅक्टर थांबतो ना, तसं, मी सांगतो. असं असूनही 8 डिसेंबर 2018 ला इथे एका दिवसात 1,007 विमानांची ये-जा झाली. दीड मिनिटाला एक! ओझरची सुखोई डोक्यावरून गेली तरी मान वर न करणारे दादा हा आकडा पुन्हा विचारून घेतात.

तेवढ्यात वहिनी हातकाट्याला बॅग अडकवून उचलते. साडेतेवीस. चालतात तेवीस. फुटपाथवरच चेन उघडते. काळ्या मसाल्याची बरणी, दोन पिशव्यांत बांधलेली, बागेतले बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, स्वेटर. मसाल्याला कुणी हात लावू देत नाही. शेवटी कुरडयांची पिशवी बाहेर येते आणि आजी ती पदराखाली धरून उभी राहते.

आजूबाजूला हेच चाललंय. कुणी हार घालतंय, कुणी पाया पडतंय, एक बाप मुलाला पासपोर्ट कुठे ठेवलाय ते पुन्हा पुन्हा विचारतोय. मला तर वाटतं, या अवाढव्य इमारतीचा निम्मा जीव दाराबाहेरच्या या पट्टीतच आहे.

सीआयएसएफचा जवान तिकीट बघतो, पासपोर्टवरचा फोटो बघतो, तिच्या तोंडाकडे बघतो. जा. आमची पावलं तिथेच थांबतात. मग आम्ही सगळे काचेला लागून सरकत राहतो. ती रांगेत दिसते, गर्दीत जाते, परत दिसते.

वहिनीचा फोन वाजतो. "आई, बावीस किलो आठशे भरली. झालं!"

"बघ," आजी पिशवी पुढे करते, "मूठभर कुरडया बसल्या असत्या."