हीट पंप ड्रायर न तापणे

हीट पंप ड्रायर हे कपडे वाळवण्याचे विद्युत यंत्र असून त्यात हवा तापवण्यासाठी हीटरऐवजी उष्मापंप वापरलेला असतो. यंत्र फिरत राहते पण कपडे ओलेच निघतात, ही त्याविषयीची नेहमीची तक्रार होय. येथे जळालेला हीटर शोधत बसणे बहुधा व्यर्थ ठरते, कारण बहुतेक नमुन्यांत तो नसतोच.

कार्यपद्धती

ड्रममधील दमट हवा प्रथम थंड बाष्पकावरून जाते. तेथे तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते टाकीत साठते किंवा नळीवाटे बाहेर पडते. कोरडी झालेली तीच हवा पुढे संघनकावर तापून पुन्हा ड्रममध्ये शिरते. बाष्पकात शोषलेली उष्णता संघनकापर्यंत नेण्याचे काम शीतक करतो आणि त्याला फिरवतो कॉम्प्रेसर, तत्त्व फ्रीजचेच. उष्णता वाया जात नसल्याने हीटरच्या ड्रायरच्या मानाने सुमारे निम्मीच वीज लागते. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून लागू झालेल्या ऊर्जानिकषांमुळे नव्या विक्रीत याच प्रकारचे ड्रायर उरले.

बिघाड की स्वभाव?

या यंत्रातील हवा साधारणतः ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्यासही सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे लागतात. जुन्या ड्रायरची सवय असलेल्यास कपडे कोमट लागले की यंत्र बिघडले असे वाटते. हाताच्या स्पर्शापेक्षा पाण्याची टाकी अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे. तासाभराने तिच्यात बऱ्यापैकी पाणी जमले असेल, तर उष्मापंप काम करीत आहे. (पाणी नळीने मोरीत सोडले असल्यास नळीचे टोक बादलीत ठेवून पाहावे.)

कारणांचा शोध

सर्वांत जास्त दोष कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंचा असतो. दारातील जाळी दर वेळी साफ केली तरी बारीक तंतू तिच्यातून निसटतात आणि ओल्या बाष्पकावर नमद्यासारखे बसतात. हवा अडते, कॉम्प्रेसर अतितापतो व संरक्षक कळ त्याला बंद करते. अशा वेळी यंत्र आरंभी तापते आणि मध्येच थंड पडते. यंत्राचा प्लग काढून, बाष्पकाचे झाकण उघडून मऊ ब्रशने पातळ पत्र्यांच्या दिशेने तंतू काढावेत. आडवा ब्रश फिरवल्यास पत्रे वाकतात. धारदार पत्र्यांनी बोटे कापतात, म्हणून हातमोजे हवेत. काही नमुन्यांत हे झाकणच नसते, आणि ही त्या रचनेची उणीवच म्हटली पाहिजे.

कॉम्प्रेसरचा गुणगुणाट मुळीच ऐकू येत नसेल, किंवा काही सेकंद घुमून ‘टक्‌’ आवाजासह तो थांबत असेल, तर त्याचा कपॅसिटर, संरक्षक कळ किंवा नियंत्रण फळी संशयित ठरते. तो अखंड चालत असूनही टाकी कोरडी राहिली, तर शीतक गळाल्याची शक्यता मोठी. तापमान संवेदक बिघडल्यास बहुधा पटलावर त्रुटी-संकेत दिसतो.

यंत्र आडवे करून वाहून आणले असेल, तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. ते खाली उतरण्यासाठी यंत्र काही तास उभे ठेवूनच सुरू करावे.

धोका

अलीकडील अनेक ड्रायरमध्ये शीतक म्हणून आर-२९० म्हणजे प्रोपेन भरलेला असतो. तो ज्वलनशील आहे. शीतकाच्या नळ्या बंदिस्त असतात; त्या कापणे वा त्यांत वायू भरणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम होय. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विद्युतभार शिल्लक राहतो.