खिचडीपासून 'नोटा'पर्यंत : पीयूसीएल ही संघटना नेमकं काय करते?



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्कांचा पाठ आला की मुलं हक्क तोंडपाठ करतात. समता, स्वातंत्र्य, शोषणाविरुद्धचा हक्क... पण एखादं चौकस लेकरू विचारतं, "सर, सरकारनेच हक्क मोडला तर?" आपण म्हणतो, "कोर्टात जायचं." खरं आहे. पण कोर्टात जाणार कोण? ज्याच्या घरी चूल पेटत नाही, तो दिल्लीला जाऊन वकील कसा लावणार? या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना. त्यांपैकी देशपातळीवरची एक मोठी संघटना म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजेच पीयूसीएल.

जन्म कसा झाला?

आपल्याकडे असा पहिला मोठा प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वीचा. १९३६ साली पंडित नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली. तेव्हा लढा परकीय सरकारशी होता. स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, आणि आता याची गरज काय, असं अनेकांना वाटू लागलं.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. अटकेविरुद्ध दाद मागता येते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की आणीबाणीत तशी दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवलं. म्हणजे मुलांना आपण शिकवतो तो कोर्टाचा दरवाजाही त्या वेळी बंद झाला होता.

अशा काळात, ऑक्टोबर १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली. राजकीय विचार वेगवेगळे असले तरी नागरी स्वातंत्र्यासाठी सर्वांनी एकत्र यावं, ही त्यामागची भूमिका. १९८० साली सध्याच्या नावाने तिची फेरबांधणी झाली. त्यात आघाडीवर होते न्या. वि. म. तारकुंडे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. संघटना सभासदांच्या वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या खर्चावर चालते. ज्यांना जाब विचारायचा, त्यांच्याच पैशावर अवलंबून राहून कसं चालेल?

इथे एक गोंधळ दूर करू. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग वेगळा. तो १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेला सरकारी आयोग आहे. पीयूसीएल ही नागरिकांची स्वयंसेवी संघटना आहे. तिच्याकडे अधिकार नाहीत. घटनेची चौकशी करणं, अहवाल लिहिणं, लोकांसमोर मांडणं आणि गरज पडली तर याचिका दाखल करणं, एवढीच तिची साधनं.

आपल्या शाळेतली खिचडी

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. जुन्या शिक्षकांना आठवत असेल, १९९५ पासून मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. तांदूळ घरी जायचा, मूल मात्र शाळेत उपाशीच बसायचं.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता. लोक उपाशी आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली! पीयूसीएलच्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं : संविधानाच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे, आणि अन्नाशिवाय जगता येत नाही.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचं, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. पुढे २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. एका पंगतीत बसून, कोणाच्याही हातचं जेवायचं, हा समतेचा धडा पुस्तकाबाहेर असा शिकवला जातो. आज या योजनेचं नाव पीएम पोषण आहे.

म्हणून खिचडी वाढताना 'सरकार फुकट देतं' असं मुलांच्या कानावर पडू देऊ नका. ती मेहरबानी नाही, हक्क आहे.

आणखी काही निकाल

- फोन टॅपिंग (१९९६) : फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे. ते ऐकायचं तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा, त्याला मुदत हवी आणि त्याची फेरतपासणी हवी.
- उमेदवारांची माहिती (२००३) : उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क कायम राहिला. हा हक्क आखडणारी कायद्यातली तरतूद रद्द झाली.
- नोटा (२०१३) : 'यांपैकी कोणीही नाही' हे बटण मतदान यंत्रावर आलं ते पीयूसीएलच्याच याचिकेमुळे.

"हे लोक गुन्हेगारांची बाजू घेतात!"

हा आक्षेप स्टाफरूममध्येही ऐकू येतो. त्याला टाळून चालणार नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेले. त्या खऱ्या होत्या का, हा प्रश्न घेऊन पीयूसीएल कोर्टात गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना दिल्या : चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये.

वर्गात कोणाचे पैसे हरवले तर आपण काय करतो? संशय आला म्हणून लगेच हात उगारत नाही. आधी विचारतो, दप्तर बघतो, दोन्ही बाजू ऐकतो. यात आपण चोराची बाजू घेत नाही, न्यायाची घेतो. आज ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी नियम मोडला, तर उद्या आपल्या मुलावर खोटा आळ आला तेव्हा तो नियम शिल्लक नसेल.

निकाल लागला म्हणजे काम संपलं?

नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ आठवा. २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती, ते याच कलमाखाली. २०१५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. तरी पुढे अनेक ठिकाणी पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले! पीयूसीएल पुन्हा कोर्टात गेली आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. हक्क एकदा मिळाला म्हणून तो आपोआप टिकत नाही, राखण करावी लागते.

वर्गात काय घेता येईल?

१. पोषण आहाराचं आजचं प्रमाण प्राथमिकसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. मुलांना आजच्या ताटाचा हिशोब मांडू द्या. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकत्र येतं.

२. निवडणुकीच्या काळात एखाद्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र मोठ्या मुलांसोबत वाचा. कोणाला मत द्यावं हे सांगू नका, फक्त काय काय लिहिलंय ते शोधू द्या.

३. 'वर्गाने एखादा नियम सर्वांसाठी केला, पण एकालाच लागू केला' अशी परिस्थिती देऊन चर्चा घ्या.

पालकहो, घरी मूल "का?" विचारू लागलं तर उद्धट म्हणून गप्प करू नका. त्याला नीट उत्तर द्या. हक्कांचा पाठ त्याला तिथेच समजायला लागतो.